ऑस्ट्रियाचा नंबर, आर्थर रोडचे कोर्ट

284 कॉल आणि 995 मिनिटे. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्रीपासून मुंबईतल्या ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाऊस या तीन ठिकाणी घुसलेले अतिरेकी मोबाइलवरून आपल्या सूत्रधारांशी किती बोलले, त्याचा हा हिशेब. 5 जानेवारी 2009 रोजी भारताने पाकिस्तानच्या हाती ठेवलेल्या दस्तऐवजात तो नोंदवलेला आहे. ताजमधून 41 कॉल, ओबेरॉयमधून 62 आणि तिन्हींत सर्वांत लहान असलेल्या नरिमन हाऊसमधून 181. आग कुठे लावायची, ओलीस कोणाला ठेवायचे, मारायचे कधी, हे सगळे त्या मिनिटांत सांगितले गेले. टीव्हीवर काय दाखवताहेत, तेही तिकडूनच इकडे कळवले जात होते.

हे कॉल जात होते कुठे? समोरचा क्रमांक 43 ने सुरू होत होता. तो ऑस्ट्रियाचा संकेतांक. पण ऑस्ट्रियात कोणीच फोन उचलत नव्हते. अमेरिकेतल्या न्यू जर्सीमधील कॉलफोनेक्स या इंटरनेट फोन कंपनीकडून हे नंबर घेतलेले होते. खाते उघडणाऱ्याने नाव सांगितले होते खरक सिंग. आपण भारतात इंटरनेट कॉलचा धंदा करतो, असे कळवून त्याने याहूचा ईमेल दिला होता. पैसे आले इटलीतल्या ब्रेशा शहरातून, वेस्टर्न युनियनने, 229 डॉलर, हल्ल्याच्या आदल्या दिवशी. आणि बोलणारे पाकिस्तानात बसले होते.

माणसे मेली मुंबईत. पण ती कोणी मारवली, याचा पुरावा चार देशांतल्या कंपन्यांच्या नोंदवह्यांत आणि सर्व्हरवर पडून होता. असा पुरावा गोळा करायला मुंबई पोलिसांचा कितीही हुशार अधिकारी विमानात बसून जाऊ शकत नाही. त्यासाठी एका सरकारने दुसऱ्या सरकारकडे मागणी करावी लागते, आणि त्या मागणीला उत्तर मिळेल की नाही हे दोन सरकारांमधल्या कराराने आणि सलोख्याने ठरते. सायबर डिप्लोमसी म्हटले की दिल्ली, जिनिव्हा, न्यूयॉर्क अशी नावे डोळ्यांपुढे येतात. माझ्या मते या विषयाचा पत्ता गिरगाव, सातरस्ता, परळ असा आहे. या देशाच्या सायबर डिप्लोमसीची सगळ्यात कडक परीक्षा या शहराने घेतली, आणि ती हुकली तेव्हाची किंमतही याच शहराने मोजली.

गिरगाव चौपाटीच्या नाक्यावर त्या रात्री काय घडले, ते मराठी वाचकाला सांगायला नको. सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी रायफलची नळी छातीशी धरून ठेवली आणि दहा अतिरेक्यांतला कसाब जिवंत हाती लागला. त्या एका कृतीमुळे खटल्याला बोलणारा आरोपी मिळाला. बाकीचे नऊ जण मेले होते. त्यांच्या तोंडून काही कळणार नव्हते. फोनवर हुकूम सोडणारे तर इथे आलेच नव्हते. त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची वाट तारांमधूनच जात होती. मुंबईच्या दहशतवादविरोधी पथकाने अतिरेक्यांच्या हातातला एक नंबर हुडकून त्याच रात्री संभाषण ऐकायला आणि ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली. मोबाइल भारतीय नेटवर्कवर होते, म्हणून ते शक्य झाले. एका टोकाचा आवाज आपल्याकडे होता. दुसऱ्या टोकाचा पत्ता अमेरिकेकडून मागावा लागला.

मग आर्थर रोड. जेकब सर्कलहून चिंचपोकळीकडे जाताना उजवी-डावीकडे गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले टॉवर दिसतात आणि मध्येच तुरुंगाची ती जुनी भिंत. त्या भिंतीआड विशेष न्यायालय उभारले गेले. न्यायाधीश एम. एल. टहलियानी, सरकारी वकील उज्ज्वल निकम. 2009 च्या एप्रिलमध्ये खटला सुरू झाला, 3 मे 2010 रोजी कसाब दोषी ठरला आणि 6 मे रोजी त्याला फाशीची शिक्षा सुनावली गेली. निकालपत्र 1,522 पानांचे. वर्तमानपत्रांनी त्या काळात कसाबचे हसणे, रडणे, जबाब फिरवणे यांवर रकाने भरले. माझ्या दृष्टीने त्या कोर्टातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र वेगळी होती. अमेरिकेच्या एफबीआयच्या अधिकाऱ्यांनी भारतीय न्यायालयात साक्ष दिली. इंटरनेट फोनची खाती, पैशाचा माग, जीपीएसमधल्या नोंदी, हे सारे भारतीय पुरावा कायद्याच्या चौकटीत बसवून न्यायाधीशांपुढे ठेवले गेले.

हे आपोआप घडले नाही. भारत आणि अमेरिका यांच्यात गुन्हेगारी प्रकरणांत परस्पर कायदेशीर मदतीचा करार, म्हणजे पोलिसांच्या तोंडी असलेला ‘एमएलएटी’, 17 ऑक्टोबर 2001 रोजी झाला होता आणि 2005 च्या ऑक्टोबरमध्ये लागू झाला होता. हल्ल्याच्या जेमतेम तीन वर्षे आधी. दुसरा धागा मुंबईतलाच आहे. 2003 मध्ये ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई’ या खटल्यात, अमेरिकेतल्या डॉक्टरची साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने घेता येईल, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिले होते. वैद्यकीय हलगर्जीच्या एका तक्रारीतून निघालेला तो निर्णय. पुढे 2016 च्या फेब्रुवारीत हल्ल्याच्या कटातला आरोपी डेव्हिड हेडली अमेरिकेतल्या तुरुंगातून मुंबईच्या सत्र न्यायालयापुढे पडद्यावर बसून बोलला, त्याची वाट त्या निर्णयाने आधीच मोकळी केली होती.

तरीही एक कटू गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे. अमेरिकेने त्या वेळी एवढ्या झपाट्याने हात पुढे केला, कारण मृतांमध्ये सहा अमेरिकी नागरिक होते आणि वॉशिंग्टनलाही उत्तरे हवी होती. म्हणजे करार होता, शिवाय इच्छाही होती. पाकिस्तानच्या बाबतीत दोन्ही नव्हते. आरोपींच्या आवाजाचे नमुने द्या, ध्वनिमुद्रणाशी ताडून पाहू, ही भारताची साधी मागणी होती. ती कधीच पुरी झाली नाही. त्या आवाजांपैकी एक बीड जिल्ह्यातल्या तरुणाचा निघाला, अबू जुंदालचा. 2012 च्या जूनमध्ये सौदी अरेबियाने त्याला भारताकडे पाठवले, तेही दीर्घ राजनैतिक बोलण्यांनंतर. त्याच कटातल्या तहव्वूर राणाला भारतात आणायला 10 एप्रिल 2025 उजाडला. ज्या देशाला वाटले त्याने दिले, ज्याला वाटले नाही त्याने दिले नाही.

मोठ्या हल्ल्यात निदान जगाचे लक्ष असते. साध्या गुन्ह्यात तेही नसते. दादरच्या सेवानिवृत्त शिक्षिकेला व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अटक’ करून तिची आयुष्यभराची ठेव काढून घेतली जाते, असे प्रकार आता इतके सर्रास झाले आहेत की बातमी आतल्या पानावर जाते. सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकावर फोन लगेच गेला आणि पैसे अजून देशातल्या खात्यांत फिरत असले, तर बँक ते गोठवू शकते. पण फोन करणारा म्यानमारच्या सीमेवरच्या कुंपणबंद अड्ड्यात, त्याचे ॲप अमेरिकी कंपनीचे आणि पैसे क्रिप्टोत गेलेले असले, तर तपास अधिकाऱ्यापुढे जो रस्ता उरतो तो असा: न्यायालयाकडून विनंतीपत्र घ्यायचे, ज्याला कोर्टात अजूनही लेटर रोगेटरी म्हणतात; ते राज्याच्या गृह विभागामार्फत दिल्लीला केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जाते; करार असेल तर तिथून त्या देशाच्या अधिकाऱ्यांकडे, नसेल तर परराष्ट्र मंत्रालय आणि वकिलातीमार्फत. अमेरिकेत अशा विनंत्यांना उत्तर मिळायला सरासरी दहा महिने लागतात, असे 2013 मध्ये त्यांच्याच राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या समितीने लिहून ठेवले. सर्व्हरवरच्या नोंदी तेवढा काळ जपल्या जातीलच, याची खात्री कोण देणार?

पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे उदाहरण तर डोळे उघडणारे आहे. 11 ऑगस्ट 2018 रोजी बनावट कार्डांनी 28 देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले, दोन दिवसांनी स्विफ्ट व्यवस्थेतून हाँगकाँगला रक्कम वळवली गेली. एकूण 94 कोटी. पुणे पोलिसांनी इथली रोख काढणारी प्यादी पकडली. पण त्यामागे उत्तर कोरिया असल्याचे जगापुढे आले ते संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंध समितीच्या तज्ज्ञांच्या अहवालातून. मराठी माणसांच्या सहकारी बँकेतला दरोडा सुरक्षा परिषदेच्या कागदपत्रांत नोंदला गेला.

या साऱ्यात भारत कुठे उभा आहे, हे समजायला थोडे मागे जावे लागेल. सायबर गुन्ह्यांसाठीचा पहिला आंतरराष्ट्रीय करार 23 नोव्हेंबर 2001 रोजी बुडापेस्टमध्ये सहीसाठी खुला झाला. आज ऐंशीच्या आसपास देश त्यात आहेत. श्रीलंका 2015 पासून आहे. भारत नाही. आमचे म्हणणे असे की मसुदा करताना आम्हाला विचारले नाही, आणि परक्या देशाच्या पोलिसांना आमच्या हद्दीतला डेटा, तो देण्याचा कायदेशीर अधिकार असलेल्याच्या संमतीने, थेट मिळवू देणारे कलम आमच्या सार्वभौमत्वाला धक्का देते. पहिला आक्षेप मानाचा, दुसरा खरा. पण 2001 पासूनच्या एवढ्या वर्षांत मुंबईच्या तपास अधिकाऱ्याला या मानाने काय मिळवून दिले, असा प्रश्न मला पडतो.

2011 च्या ऑक्टोबरमध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत इंटरनेटच्या कारभारासाठी 50 देशांची समिती मागितली. देशातच टीका झाली आणि वर्षभरात सूर मवाळ झाला. 2012 च्या डिसेंबरात दुबईत दूरसंचार नियमांवर 89 देशांनी सह्या केल्या, भारताने केली नाही. 2015 मध्ये ब्वेनोस आयरेसच्या बैठकीत भारताने सरकार, कंपन्या, तंत्रज्ञ आणि नागरिक सर्वांनी मिळून इंटरनेट चालवण्याच्या पद्धतीला पाठिंबा जाहीर केला. चार वर्षांत तीन भूमिका. मात्र सर्वांत महागात पडलेली अनुपस्थिती वेगळीच होती. 2015 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने देशांच्या सायबर वर्तनाचे 11 नियम ठरवले. ते ऐच्छिक आहेत, पण आज साऱ्या चर्चेचा पाया तेच आहेत. त्यातला एक नियम असा की दुसऱ्या देशातल्या वीज, पाणी, रुग्णालये यांसारख्या मूलभूत सेवांना इजा पोहोचवणारी सायबर कारवाई कोणत्याही देशाने करू नये, जाणूनबुजून पाठिंबाही देऊ नये. त्या गटात 20 देश होते. पाकिस्तान होता. भारत नव्हता. आधीच्या आणि नंतरच्या गटांत भारत होता, नेमक्या त्या वर्षी नव्हता.

पाच वर्षांनी हाच नियम मुंबईच्या दारात येऊन उभा राहिला. 12 ऑक्टोबर 2020, सोमवार, सकाळी दहाची वेळ. कळवा-पडघा पट्ट्यातल्या 400 केव्हीच्या वाहिन्या बंद पडल्या आणि मुंबईची वीज गेली. बाहेरचे जाळे कोसळले तरी शहर वेगळे करून त्याची वीज टिकवण्याची व्यवस्था, जिचा मुंबईकरांना अभिमान होता, ती त्या दिवशी टिकली नाही. कोरोनाचा काळ. अत्यावश्यक कर्मचाऱ्यांच्या लोकल रुळांवर थांबल्या. ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. पालिकेला रुग्णालयांच्या जनरेटरसाठी डिझेलची व्यवस्था बघावी लागली. अत्यावश्यक पुरवठा दोन तासांत आला, काही भागांत रात्र झाली.

28 फेब्रुवारी 2021 रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने रेकॉर्डेड फ्युचर या अमेरिकी कंपनीच्या अभ्यासाचा हवाला देत हा अंधार चीनशी जोडता येईल का, असा प्रश्न उभा केला. गलवानमधल्या भारत-चीन चकमकीला तेव्हा आठ महिने झाले होते. वीज वितरण नियंत्रण केंद्रे आणि दोन बंदरे लक्ष्य झाल्याचे कंपनीने म्हटले होते. त्यातले एक मुंबई बंदर. पण मुंबईच्या अंधाराशी थेट संबंध सिद्ध झालेला नाही, हेही तिनेच लिहिले होते. दुसऱ्या दिवशी राज्याचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सायबर विभागाचा अहवाल घातपाताकडे बोट दाखवतो, असे सांगितले. 14 ट्रोजन, 8 जीबी डेटा, असे आकडे पुढे आले. त्याच्या दुसऱ्या दिवशी केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी कारण मानवी चूक असल्याचे सांगितले. चीनने आरोप फेटाळला.

मला इथे थांबून बोलायचे आहे, कारण या प्रसंगात आपले सर्वांत मोठे दुबळेपण दिसते. हल्ला झाला की चूक झाली, हा वाद मी सोडवू शकत नाही. पण एका शहराच्या विजेबद्दल राज्य सरकार आणि केंद्र सरकार दोन दिवसांत दोन विरुद्ध गोष्टी सांगत असतील, तर जगापुढे कोणता देश आपले म्हणणे मांडणार? तांत्रिक पुरावा लोकांपुढे ठेवायला हवा होता. तो ठेवला असता आणि चूकच निघाली असती, तर तारा आणि यंत्रणा दुरुस्त करण्याकडे लक्ष वळले असते. हल्ला निघाला असता, तर तो 11 नियमांतल्या नियमाचा उघड भंग ठरला असता. आणि हा योगायोग पाहा: 12 मार्च 2021 रोजी, मुंबईतल्या वादानंतर दोन आठवड्यांच्या आत, न्यूयॉर्कमध्ये सर्व देशांच्या खुल्या कार्यगटाने ते नियम एकमताने पुन्हा मान्य केले. भारत त्या सभागृहात होता. मुंबईच्या त्या सोमवारवर तिथे बोट ठेवता येईल असा जाहीर अहवाल मात्र त्याच्या हातात नव्हता.

नाव घेण्याची टाळाटाळ जुनी आहे. 27 जून 2017 रोजी नॉटपेत्या या घातक सॉफ्टवेअरने न्हावा-शेव्याला गेटवे टर्मिनल्स बंद पाडले. माल अडला, ट्रकांच्या रांगा लागल्या. भाऊच्या धक्क्यावरून समुद्रापलीकडे ज्या क्रेन दिसतात, तेच बंदर. पुढच्या फेब्रुवारीत ब्रिटन, अमेरिका आणि इतर देशांनी रशियाच्या लष्कराचे नाव घेतले. भारताने घेतले नाही. शस्त्रे आणि तेल यांचे हिशेब मी समजू शकतो. पण नुकसान आपले आणि बोलणे दुसऱ्यांचे, हे किती वर्षे चालायचे?

याच शहराने डिप्लोमसीचा उजळ दिवसही पाहिला. 28 ऑक्टोबर 2022 रोजी सुरक्षा परिषदेची दहशतवादविरोधी समिती ताजमध्ये बसली. अध्यक्षपद भारताकडे, रुचिरा कंबोज यांच्याकडे. विषय होता नव्या तंत्रज्ञानाचा दहशतवादासाठी होणारा वापर: इंटरनेट, पैशाच्या नव्या वाटा, ड्रोन. भारताने साजिद मीरच्या आवाजाची ध्वनिफीत जगाच्या प्रतिनिधींना ऐकवली. नरिमन हाऊसवरच्या हल्ल्याचे हुकूम देणारा तोच आवाज. दुसऱ्या दिवशी दिल्ली जाहीरनामा झाला आणि त्यातून पुढे ड्रोनबाबत अबुधाबीची मार्गदर्शक तत्त्वे निघाली. मुंबईकर म्हणून मला त्या दिवसाचा अभिमान वाटतो. आणि आठ महिन्यांनी, 2023 च्या जूनमध्ये, साजिद मीरला जागतिक दहशतवाद्यांच्या यादीत घालण्याचा भारत-अमेरिकेचा प्रस्ताव चीनने रोखला. ध्वनिफीत ऐकवून सहानुभूती मिळाली. यादीत नाव घालायला प्रत्येक सदस्याची संमती लागते.

आता नवा करार समोर आहे. संयुक्त राष्ट्रांचा सायबर गुन्हेविरोधी करार 24 डिसेंबर 2024 रोजी आमसभेने स्वीकारला. प्रक्रिया सुरू करण्याच्या 2019 च्या ठरावाला भारताने मत दिले होते, वाटाघाटींतही भारत शेवटपर्यंत होता. म्हणजे या वेळी ‘आम्हाला विचारले नाही’ असे म्हणता येत नाही. 25 ऑक्टोबर 2025 रोजी हनोईत साठाहून अधिक देशांनी सह्या केल्या. भारताने केली नाही.

सही करू नये, असे म्हणणाऱ्यांचा मुद्दाही मुंबईतल्या माणसाला सहज कळेल असा आहे. 2012 च्या नोव्हेंबरात शिवाजी पार्कवर बाळासाहेब ठाकरे यांचे अंत्यसंस्कार झाले, मुंबई बंद होती, आणि त्या बंदविषयी एकीने फेसबुकवर लिहिले व दुसरीने ते लाइक केले म्हणून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66अ त्यासाठी पुढे केले गेले. 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवले. आणि 2022 मध्ये नव्या कराराच्या वाटाघाटींत भारताने ‘आक्षेपार्ह संदेशां’ना गुन्हा ठरवणारा जो प्रस्ताव दिला, त्याचे शब्द रद्द झालेल्या त्या कलमाशी मिळतेजुळते होते. अंतिम करारात ते आले नाही, हे चांगले झाले. पण चार वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या कोणत्याही गुन्ह्यासाठी देशोदेशींच्या सरकारांना एकमेकांकडून डेटा मागता येईल, ही तरतूद कराराच्या गाभ्यात आहे. ज्या देशात सरकारवर टीका हाच गंभीर गुन्हा, तिथून मागणी आली तर? ही भीती खरी आहे.

तरी मी सहीच्या बाजूने आहे, अटींसह. करारात चोवीस तास चालणारी संपर्क यंत्रणा आहे, पुसला जाण्याआधी डेटा राखून ठेवायला लावण्याची तरतूद आहे. दहा महिन्यांच्या वाटेवर मधल्या मध्ये पुरावा नाहीसा होऊ नये, यासाठी मुंबईच्या अधिकाऱ्याला नेमके हेच हवे आहे. राजकीय स्वरूपाच्या मागण्या नाकारण्याचा हक्क भारताने घरच्या कायद्यात स्पष्ट लिहावा, आणि प्रत्येक परकी मागणी न्यायाधीशाच्या डोळ्यांखालून जाईल असे ठरवावे. त्याच वेळी अमेरिकेशी डेटाच्या थेट देवाणघेवाणीचा वेगळा करार करायला बसावे. ब्रिटनने तो केला आणि 2022 पासून वापरतो आहे. त्यासाठी आधी खासगीपणाचे संरक्षण पक्के असावे लागते, आणि ते आपल्या नागरिकांच्याही भल्याचे आहे.

फसवणुकीच्या फोनच्या दुसऱ्या टोकाला कोण असते, तेही पाहा. महाराष्ट्रातून नोकरीच्या आमिषाने थायलंडमार्गे म्यानमारला नेलेल्या मुलांना बळजबरीने फसवणुकीच्या कॉल सेंटरांत बसवले गेले. 2025 च्या मार्चमध्ये भारतीय हवाई दलाच्या विमानांनी साडेपाचशेच्या घरात भारतीय परत आणले, एप्रिलमध्ये महाराष्ट्र सायबरने आणखी साठहून अधिकांची सुटका केल्याचे सांगितले. म्हणजे फसवणारा आणि फसलेला, दोघेही आपल्याच घरचे असू शकतात. त्यांच्यामधल्या साखळीचा मालक तिसऱ्या देशात असतो, आणि त्याच्यापर्यंत वकिलातच पोहोचू शकते.

2026 पासून संयुक्त राष्ट्रांत सायबर सुरक्षेची कायमस्वरूपी यंत्रणा सुरू होते आहे. तिथे भारताने महाराष्ट्राच्या सायबर अधिकाऱ्याला, ऊर्जा कंपन्यांच्या अभियंत्याला शिष्टमंडळात नेले पाहिजे. हनोईच्या करारावर न्यूयॉर्कमध्ये 31 डिसेंबर 2026 पर्यंत सही करता येते, आणि तो लागू व्हायला 40 देशांची मान्यता पुरेशी आहे. तो लागू झाल्यावर अंमलबजावणीचे नियम सदस्य देशांच्या परिषदेत ठरतील. तिथे मत फक्त सदस्यांना असेल.